मनगटावरचा आकडा आणि पाठीवरचं पोतं

समीक्षा म्हटलं की कादंबरीची, कवितेची, फार तर नाटका-सिनेमाची, अशी आपली समजूत असते. आज आम्ही एका आकड्याची समीक्षा करणार आहोत. हा आकडा इथे बसलेल्या पुष्कळ जणांच्या मनगटावर आत्ता आहे. जिममध्ये तासभर वजनं उचलून झाली की घड्याळाची काच उजळते आणि सांगते, अभिनंदन, तुम्ही ५१२ कॅलरी जाळल्या.

पाचशे नाही बरं का, पाचशे बारा. त्या ‘बारा’कडे नीट बघा. कादंबरीकार लिहितो, ‘सहा वाजून सतरा मिनिटांनी तो स्टेशनावर उतरला’, आणि त्या सतरा मिनिटांमुळे आपण त्याच्यावर विश्वास ठेवतो. घड्याळाची युक्ती तीच. पाचशेच्या आसपास म्हटलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, आसपास म्हणजे किती? पाचशे बारा म्हटल्यावर कुणी विचारत नाही. आम्ही तेच विचारायला उभे आहोत.

हा प्रश्न बोदवडला विचारण्याचं कारण आहे. इथे पोलीस भरतीची, सैन्य भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे पळतात आणि संध्याकाळी लोखंड उचलतात. पूर्वी ती मोबाइलवर व्हिडिओ बघायची, आता मोबाइलच त्यांना बघतो. घड्याळ सांगतं पाचशे बारा गेल्या. अ‍ॅप सांगतं, मग आज अमुकच खा. पोरगं घरी येतं, आई कळण्याची भाकरी टाकते, आणि ते म्हणतं, एकच दे, माझा हिशोब पूर्ण झाला. दुसरीकडे वजन कमी करायला निघालेले आमच्या वयाचे लोक आहेत. ते म्हणतात पाचशे जाळल्या, आता शेवभाजीची एक वाटी जास्त चालेल. एक जण आकड्यामुळे कमी खातो, दुसरा आकड्यामुळे जास्त. दोघांचा आकडा मात्र एकाच ठिकाणाहून आला आहे, आणि तो कुठून आला हे दोघांनाही ठाऊक नाही.

तर कुठून आला ते बघू. शरीराने किती ऊर्जा खर्च केली हे मोजायची खरी पद्धत आहे श्वासाची. तोंडावर मुखवटा लावायचा, आत गेलेला प्राणवायू आणि बाहेर आलेला कार्बन डायऑक्साइड मोजायचा. एक लिटर प्राणवायू वापरला गेला की साधारण पाच किलोकॅलरी खर्च झाल्या, असा ढोबळ हिशोब. याचं नेटकं सूत्र वेअर नावाच्या शास्त्रज्ञाने १९४९ साली मांडलं, ते आजही वापरतात. आपण बोलताना जिला कॅलरी म्हणतो ती खरं तर किलोकॅलरी, पण तो वाद आज नको.

घड्याळाला तुमचा श्वास दिसत नाही. त्याच्या पोटातला हिरवा दिवा कातडीखालच्या रक्ताचं कमी-जास्त होणं बघतो आणि नाडीचे ठोके काढतो. हात किती हलला हे एक छोटं यंत्र सांगतं. तुमचं वजन, वय, स्त्री की पुरुष हे तुम्हीच भरलेलं असतं. एवढ्यावरून प्राणवायूचा अंदाज बांधला जातो, त्यावरून कॅलरीचा. म्हणजे अंदाजावर अंदाज. कुठल्या कंपनीचं सूत्र नेमकं काय, हे कंपन्या उघड करत नाहीत. पण प्रसिद्ध झालेली काही सूत्रं आहेत. त्यातलं एक बरंच वापरलं जाणारं सूत्र २००५ साली केटेल आणि सहकाऱ्यांनी मांडलं. नियमित व्यायाम करणारे ११५ लोक होते, आणि त्यांना पळवलं होतं ट्रेडमिलवर किंवा चालवायला दिली होती जागच्या जागची सायकल. लोखंड उचलायला लावलं नव्हतं.

हीच गोम आहे. पळताना, सायकल चालवताना नाडी आणि प्राणवायू जवळजवळ हातात हात घालून चढतात. एक कळलं की दुसऱ्याचा अंदाज बरा येतो. वजन उचलताना ही जोडी फुटते. तुम्ही जड डेडलिफ्ट मारता तेव्हा श्वास कोंडता, मांडीचे आणि पाठीचे स्नायू आवळता, त्या आवळण्याने रक्तवाहिन्या दाबल्या जातात, रक्तदाब वर उसळतो, आणि हृदय धडधडतं. धडधडण्याइतका प्राणवायू त्या क्षणी खर्च होत नसतो. सेट संपतो, तुम्ही बाकावर बसता, मित्राशी बोलता, नाडी अजून शंभराच्या वर. घड्याळाला वाटतं हा पळतोच आहे. उलट, उचलताना स्नायू काही ऊर्जा प्राणवायूशिवाय वापरतो, तिचा पत्ता नाडीलाही लागत नाही आणि मुखवट्यालाही पुरता लागत नाही. म्हणजे चूक एकाच बाजूला झुकलेली असती तर वजा करून टाकली असती. इथे दोन्हीकडे गळती आहे.

आणि आपल्या भागाची एक खास भर. मे महिन्यात भुसावळ-बोदवड पट्ट्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. पत्र्याच्या शेडमधली जिम असेल तर आत काय होत असेल ते तुम्हीच सांगा. उन्हात शरीर थंड ठेवायला हृदय रक्त कातडीकडे ढकलतं, घामाने अंगातलं पाणी कमी होतं, ठोके वाढतात. तीच वजनं, तेच सेट, तोच पोरगा. जानेवारीत घड्याळ एक सांगतं, मे महिन्यात त्याहून जास्त. ऊन कॅलरी जाळतं असं मानणारे लोक भेटले आहेत आम्हाला.

आता जरा पाटी-पेन्सिल घेऊ. सत्तर किलोचा, पंचवीस वर्षांचा तरुण. तासभर वजनं उचलली, नाडी सरासरी १२०. केटेलचं सूत्र लावलं तर उत्तर येतं ५६७ किलोकॅलरी. आता दुसरं साधन घ्या. शारीरिक हालचालींचं एक मोठं कोष्टक आहे, १९९३ साली पहिल्यांदा निघालं, पुढे त्याच्या सुधारित आवृत्त्या निघत गेल्या. त्यात प्रत्येक हालचालीला एक गुणांक दिलाय, मेट. एक मेट म्हणजे नुसतं शांत बसल्याचा खर्च, किलोमागे ताशी साधारण एक किलोकॅलरी. २०११च्या आवृत्तीत आठ ते पंधरा रेपचे वेगवेगळे व्यायाम, मध्यम जोर, याला ३.५ मेट दिलेत. जोरदार वजन उचलण्याला ६. आपल्या तरुणाला ३.५ लावले तर तासाचे २४५. सहा लावले तर ४२०. म्हणजे एकच तास, एकच घाम, आणि उत्तरं तीन: २४५, ४२०, ५६७.

अजून थांबा. या २४५ मध्ये तो तरुण तासभर घरी खाटेवर पडला असता तरी खर्च झाले असते असे ७० आहेतच. ते वजा करा, राहिले १७५. व्यायामामुळे जास्तीचे म्हणावेत असे हे. जळगावची दोन मध्यम केळी, झाला हिशोब बरोबर.

आता उलट बाजूने तपासू, पदार्थविज्ञानाच्या बाजूने. शंभर किलोची पट्टी अर्धा मीटर वर, दहा वेळा. यांत्रिक काम ४,९०० ज्यूल, म्हणजे १.१७ किलोकॅलरी. शरीराचं इंजिन अशा कामात फार तर वीस-पंचवीस टक्के कार्यक्षम धरा, तर खर्च पाच-सहा. स्वतःचं धड वर उचलणं, पट्टी सावकाश खाली ठेवणं, हे धरून आठ-दहा म्हणू. वीस सेट केले, सगळे इतकेच जड, जे कुणी करत नाही, तरी दोनशेच्या आत. साठ मिनिटांतली खरोखर उचलण्याची मिनिटं मोजा कधी. वीस सेट, प्रत्येकी चाळीस सेकंद, झाली तेरा-चौदा मिनिटं. उरलेला वेळ विश्रांती, पाणी, आरसा. (हशा)

व्यायामानंतरही कॅलरी जळत राहतात, असं ट्रेनर सांगतात. जळतात, खोटं नाही. पण तो नंतरचा खर्च व्यायामाच्या खर्चाच्या लहानशा हिश्श्याइतकाच असतो. त्याच्यावर दुसरी वाटी भाजी निघत नाही.

यंत्रांची परीक्षा लोकांनी घेतली आहे. २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटाने साठ लोकांच्या मनगटावर सात वेगवेगळी यंत्रं बांधली. नाडी मोजण्यात सातपैकी सहा यंत्रं पाच टक्क्यांच्या आत चुकली. हे कौतुकाचं आहे, मान्य करायला हवं. पण कॅलरीत सर्वांत चांगलं यंत्र सरासरी २७ टक्के चुकलं आणि सर्वांत वाईट ९३ टक्के. आणि त्यात लोक चालत होते, पळत होते, सायकल चालवत होते. म्हणजे ज्या कामासाठी सूत्रं बनली त्या कामात ही स्थिती. लोखंडाची बात दूरच.

इथपर्यंत तुम्ही म्हणाल, हे तर यंत्राचं झालं, यात मराठी माणसाचं काय? आहे, मोठंच आहे. कॅलरीच्या आकड्यावर या देशात झालेलं सर्वांत गंभीर भांडण पुण्यातल्या दोन माणसांनी केलं. आमच्या मते आजच्या घड्याळाची समीक्षा त्या भांडणावाचून अपुरी आहे.

वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ, गोखले इन्स्टिट्यूटचे दोन अर्थशास्त्रज्ञ. १९७१ साली त्यांचं भारतातल्या दारिद्र्यावरचं पुस्तक आलं. त्यांनी रेषा आखली ती दिवसाला माणशी २,२५० कॅलरींवर. एवढं अन्न ज्या खर्चाच्या गटाला मिळतं तो गट रेषेवर. १९६०-६१ च्या भावाने खेड्यात महिना १५ रुपये, शहरात साडेबावीस. या हिशोबाने खेड्यातले चाळीस टक्के आणि शहरातले पन्नास टक्के लोक रेषेखाली निघाले. पुढे नियोजन आयोगाच्या कार्यगटाने १९७९ मध्ये खेड्याला २,४०० आणि शहराला २,१०० असं केलं. खेड्याला जास्त का? खेड्यातला माणूस अंगमेहनत करतो म्हणून. म्हणजे बघा, अंगमेहनतीच्या कॅलरीचा अंदाज हा या देशात कुणाला गरीब म्हणायचं हे ठरवणारा अंदाज होता. घड्याळं यायच्या फार आधी.

याला विरोध केला डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. संख्याशास्त्रज्ञ. रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत वर्षानुवर्षं सांख्यिकीचं काम करून पुण्याला परतलेले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. सरासरी गरज ही रेषा धरून तिच्याखालचा प्रत्येक जण उपाशी, असं म्हणता येत नाही. एकाच माणसाचं खाणं आणि खर्च रोज बदलतो, आठवड्याला बदलतो. आजचा फरक उद्यावर सावली टाकतो. माणसाचं वजनही टिकतं, कामही चालतं. म्हणजे गरज हा एक ठाम आकडा नाही, ती एक पट्टी आहे, आणि शरीर त्या पट्टीत स्वतःला सांभाळून घेतं. तेव्हा उपाशी म्हणायची रेषा सरासरीवर नको, सरासरीच्या दोन प्रमाण विचलनं खाली हवी. तसं केलं की उपाशी लोकांची संख्या एकदम खाली येते.

दांडेकरांना हे पटलं नाही. १९८१ साली ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’त हा वाद चांगलाच रंगला. वाद फक्त संख्याशास्त्राचा नव्हता. शरीर कमी अन्नात सांभाळून घेतं, असं एकदा म्हटलं की सरकारला फार सोईचं होतं. मजुराला कमी मिळालं तरी चालतं, त्याची सवय आहे, असं म्हणायला वाट मोकळी. सुखात्म्यांच्या मनात तसं नव्हतं. पिण्याचं स्वच्छ पाणी आणि आरोग्य सुधारल्याशिवाय नुसत्या अन्नाने भागणार नाही, असं तेही सांगत होते. तरी टीकाकारांची भीती अनाठायी नव्हती, असं आम्हाला वाटतं. पट्टीच्या तळाशी जगणारा माणूस मरत नाही, हे खरं. पण तो काय काय करायचं सोडून देतो? जास्तीचं काम सोडतो, खेळ सोडतो, आजारातून उठायला वेळ लावतो. ती सांभाळून घेण्याची किंमत कुठल्याच आकड्यात उतरत नाही.

आम्ही दोघांचं थोडं थोडं घेतो. सुखात्म्यांचं हे, की एका माणसाला एक आकडा चिकटवणं हाच मूळ घोटाळा आहे. सरासरी समूहाची असते, मनगट एकाचं असतं. दांडेकरांचं हे, की आकड्याला सैल सोडलं तर तो नेहमी अशक्त माणसाच्या अंगावर सैल पडतो.

गंमत म्हणजे सुखात्म्यांच्या बोलण्याचा दूरचा प्रतिध्वनी अलीकडे पुन्हा ऐकू आला. हर्मन पाँट्झर आणि सहकाऱ्यांनी टांझानियातल्या हाड्झा या शिकार-संग्रह करणाऱ्या लोकांचा रोजचा खर्च मोजला, २०१२ मध्ये तो अभ्यास छापून आला. पाणी पाजून मोजायची एक पद्धत आहे, त्यातले हायड्रोजन आणि ऑक्सिजन खुणेचे असतात, ते लघवीत किती लवकर कमी होतात यावरून अनेक दिवसांचा खर्च कळतो. हाड्झा लोक रोज कितीतरी चालतात, खणतात. तरी शरीराचा आकार हिशोबात घेतल्यावर त्यांचा एकूण खर्च पाश्चात्त्य शहरी माणसांपेक्षा वेगळा निघाला नाही. यावर वाद चालू आहे आणि चालू राहील. पण घड्याळाचं गणित, की व्यायामाचे पाचशे सरळ दिवसाच्या खर्चात मिळवा, ते एवढं सरळ नाही हे नक्की.

आता मथळ्यातलं पोतं. बोदवड हे कापसाचं, ज्वारीचं गाव. बाजार समिती आहे, जिनिंग आहे, रेल्वे आहे. इथे वजन उचलण्याचं सर्वांत जुनं काम जिममध्ये चालत नाही. पन्नास किलोचं पोतं जमिनीवरून दीड मीटर उंच ट्रकच्या फाळक्यावर टाकलं की यांत्रिक काम ७३५ ज्यूल, शरीराला खर्च जवळपास एक किलोकॅलरी. तीनशे पोती टाकली तर अडीचशेच्या पुढे, आणि हे नुसतं वर टाकणं झालं. पाठीवर पोतं घेऊन फळीवरून चालणं, वाकणं, तोल सांभाळणं, त्याचा खर्च याहून कितीतरी जास्त. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीत बैठ्या कामाच्या पुरुषाला दिवसाला २,११० आणि जड कामाच्या पुरुषाला ३,४७० किलोकॅलरी लागतात. फरक १,३६०. आमच्या जिमवाल्या तरुणाचे तासाचे जास्तीचे किती होते? १७५. तो रोज गेला तरी कोष्टकाच्या दृष्टीने बैठा माणूसच, जरा हललेला इतकंच. बाईचे आकडेही बघा, बैठी १,६६० आणि जड कामाची २,७२०. कापूस वेचणारी, डोक्यावर गाठोडं घेऊन बांधावरून येणारी बाई या दुसऱ्या आकड्याच्या जवळपास असते, आणि घरात सगळ्यांचं झाल्यावर जेवते.

तिच्या किंवा हमालाच्या मनगटावर घड्याळ बांधलं तर काय दिसेल? मनगटाचं यंत्र हात हलण्यावर पावलं मोजतं. गाठोडं दोन्ही हातांनी धरून चालली तर हात हलत नाहीत, पावलं गळतात. भाकरी थापायला बसली तर बसल्या जागी चार पावलं चालल्याची नोंद होऊ शकते. यंत्र वाईट आहे असं नव्हे. ते कुणाला समोर ठेवून घडवलं, ते यातून दिसतं.

हमालांनी स्वतःचं मोजमाप वेगळं मागितलं होतं. कॅलरी नाही, किलो. शंभर किलोचं पोतं नको, पन्नासचं करा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने एकट्याने वाहायच्या वजनाची मर्यादा ५५ किलो सांगितली आहे. महाराष्ट्रात माथाडी-हमालांचा कायदा झाला १९६९ मध्ये. पुण्यात डॉ. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने ‘कष्टाची भाकर’ केंद्र चालवलं, स्वस्तात पोटभर. नावातच बघा, कष्ट आणि भाकर शेजारी शेजारी ठेवलेत, मध्ये कॅलरीचा दलाल नाही.

तालमीतही मोजणी होतीच. कुणी म्हणू नये की जुने लोक मोजत नव्हते. जोर किती, बैठका किती, मुद्गल किती वेळ फिरवली. पाचशे बैठका म्हणजे पाचशे बैठका, त्यात अंदाज नाही. सत्तर किलोच्या माणसाला एका बैठकीचा खर्च अर्ध्या किलोकॅलरीच्याही आत असतो. शंभर बैठकांना पस्तीस-चाळीस, म्हणजे अर्धं केळंही नाही. पण वस्तादाने कधी शंभर बैठकांचं केळ्यात भाषांतर केलं नाही. मांडी तयार झाली का, एवढंच बघितलं. आणि खुराक? खुराक बैठकांची भरपाई म्हणून नसायचा, शरीर घडवायला असायचा. घड्याळाने या नात्याची उलथापालथ केली आहे. वजन उचलणं हे घडवण्याचं काम, त्याला जाळण्याच्या मापाने मोजायला लावलं. मग पोरांना वाटतं, पळलो तर सहाशे, उचललं तर दोनशे, मग उचलायचं कशाला? स्नायू, हाड, चाळिशीनंतरची गुडघी, मधुमेह काबूत राहणं, यातलं काही त्या काचेवर उमटत नाही.

आमची खरी तक्रार हीच आहे. आकडा चुकतो ही बारीक तक्रार. सत्तावीस टक्के चुकणारी भविष्यं आपण वर्तमानपत्रात रोज वाचतो. पण हा आकडा चुकीचा प्रश्न विचारतो, आणि इतक्या आत्मविश्वासाने विचारतो की आपण उत्तर देत बसतो.

येताना काही जणांनी विचारलं होतं, मग नोंद ठेवायचीच नाही का? ठेवा, जरूर ठेवा. दहा रुपयांची वही घ्या. व्यायामाचं नाव, किती किलो, किती रेप, किती सेट. महिन्याने त्याच वजनाला दोन रेप जास्त झाल्या तर काम होतंय. आपलं वजन रोज सकाळी एकाच वेळी करा, पण एका दिवसाकडे बघू नका, आठवड्याची सरासरी काढा. कंबरेला टेप लावा महिन्यातून दोनदा. तीन आठवडे सरासरी वजन घसरतंय आणि तुम्हाला ते नको असेल तर भाकरी वाढवा. चढतंय आणि नको असेल तर कमी करा. यात जाळलेल्या कॅलरीचा आकडा कुठेच लागत नाही, कारण तुमचं वजन तो हिशोब आधीच करून बसलेलं असतं, आणि सगळ्या चुका पोटात घालून करतं. भरतीच्या पोरांना एवढंच सांगू, की वजन उतरत असेल, झोप लागत नसेल, कालची वजनं आज जड वाटत असतील तर घड्याळ काहीही म्हणो, जेवण कमी पडतंय. आईचं ऐका.

घड्याळ विकू नका. नाडी ते बरी मोजतं, दोन सेटमधली विश्रांती मोजायला उत्तम, पळण्याच्या वेळेलाही. फक्त पडद्यावरून तो कॅलरीचा चौकोन काढून टाकता येतो. बऱ्याच घड्याळांत सोय असते. ज्यांना सापडत नसेल त्यांनी चहाच्या वेळी घेऊन या, आमच्याबरोबरची तरुण मंडळी करून देतील. आता प्रश्न घेऊ, मागच्या रांगेतून आधी.